चार बोटं वाळू

ऑगस्ट सरला, की गारेल मेल्ह गावाच्या खाडीकाठचे सगळे वाफे मोंजीच्या पायांची वाट बघत बसायचे.

बाकीची कामं कोणासाठी थांबत नसत. उन्हाळ्यात वाळून काड्या झालेली टोमॅटोची झाडं उपटायची, शेळ्यांचं लेंडीखत पसरायचं, बोरू कापून आणून नवी कुंपणं बांधायची. कुंपण पुरुषभर उंच आणि असं दाट हवं, की हिवाळ्यातल्या वाऱ्याला आत बोट घालायला फट मिळू नये. वर्षभरात उडून गेलेल्या वाळूच्या जागी नवी आणून ओतायची. पण ती किती ठेवायची, हे मात्र मोंजीनेच सांगायचं. कारण इथे वाफ्याला कोणी पाणी घालत नाही. सगळ्यात खाली खाडीचं खारं पाणी, त्यावर तरंगणारा पावसाच्या गोड्या पाण्याचा पातळसा थर, आणि त्यावर वाळू. भरती आली की गोडं पाणी वर उचललं जातं, मुळांना घोटभर पाजतं आणि ओहोटीला परत जातं. वाळू चार बोटं जास्त झाली तर मुळं तहानेने मरतात, चार बोटं कमी झाली तर मीठ पिऊन. बटाट्याला काय, दोन्ही मरणं सारखीच.

मोंजी पहाटे अनवाणी वाफ्यात शिरायचा, डोळे मिटायचा आणि टाच रोवत रोवत चालायचा. "इथून दोन बोटं काढा. त्या कोपऱ्यात एक घमेलं टाका." संपलं. चाळीस वर्षांत त्याचं चुकलं नव्हतं. शेजारच्या वाफ्याचा फर्जानी म्हणायचा, "मोंजीच्या डोक्याचं काही खरं नाही, पण पाय मात्र विद्यापीठात शिकून आलेत!" आणि सगळ्या रांगेचा एक रिवाज होता. मोंजी आपलं बेणं महिनाभर आधी लावायचा. त्याचा वाफा हिरवा होऊन उभा राहिला की मगच बाकीच्यांनी आपलं बेणं बाहेर काढायचं.

या मोंजीची मुलगी नजला. वय सोळा, आणि त्या वर्षी तिला सगळंच येत होतं. भौतिकशास्त्रात ती वर्गात पहिली आली होती, सायकल हात सोडून चालवत होती, आणि कोणी काही सांगायला लागलं की वाक्य संपायच्या आत "माहितीये" म्हणत होती. आई दलेंदा म्हणायची, "हिला आता फक्त मौन तेवढं माहीत व्हायचं राहिलंय."

त्या सप्टेंबरात मोंजीने पहिल्यांदा स्वतःचा वाफा सपाट केला, मग फर्जानीचा, मग पुढचे चार, आणि शेवटी खालती बेयाचा. बेया ही म्हातारी विधवा, अख्ख्या रांगेची खालती, म्हणजे मावशी. तिचे खांदे निकामी झाले होते, पण जीभ शाबूत होती. बेयाच्या वाफ्यातून बाप बाहेर आला तेव्हा नजला कुंपण बांधत होती. तिने वाळूत पाहिलं. बापाच्या उजव्या पावलाचा प्रत्येक ठसा लाल होता.

"बाबा, पाय!"

"काय झालं पायाला?"

त्याने तळवा वर केला. कापलेल्या बोरूचा खुंट, बोटभर लांब, बोटांच्या बुडाशी आत शिरून मोडला होता. मोंजी त्याच्याकडे असा बघत राहिला, जसा कोणी दुसऱ्याच्या दारातला चिखल बघतो.

"दुखत नाही?" नजलाने विचारलं.

"दुखतंय की," तो म्हणाला, पण ते म्हणायला त्याला जरा वेळच लागला.

साखर त्याला दहा वर्षांपासून होती. जखम आठवडाभरात काळी पडली. दलेंदा त्याला बिझेर्तच्या इस्पितळात घेऊन गेली आणि तिथून तिचा फोन आला, की पायाची दोन बोटं काढावी लागणार, आठ-दहा दिवस राहावं लागेल, बेण्याच्या फोडी राखेत घोळून ठेवल्यात त्या सावलीत ठेव, आणि फर्जानीच्या घरी जेव, लाजू नकोस.

नजला लाजली नाही. फर्जानीच्या बायकोने भाजलेल्या तबूना रोट्या हरिसाच्या तिखट चटणीला लावून तिने चार-चार खाल्ल्या. पण रोज संध्याकाळी ती आपल्या वाफ्यात जाऊन उभी राहायची, आणि तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरायची. ज्या पायाला बोटभर खुंट आत गेलेला कळला नाही, त्या पायाला वाळूखालचा गारवा कसा कळला असेल?

उत्तर उघड होतं. कळलाच नसेल. बाबांनी अंदाजाने ठोकून दिलं असेल. आणि अंदाज चुकला असेल तर हा हिवाळा गेला. घरात खाणारी तीन तोंडं, वाफा एकच, आणि बाबांच्या नावावर तर अख्खी रांग बसलेली!

नुसती काळजी करत बसणारी मुलगी ती नव्हती. मोजता येईल ते मोजावं, हे तिला शाळेने चांगलं शिकवलं होतं. शनिवारी सकाळी तिने वाफ्याच्या कडेला खड्डा खणला, पाणी लागेपर्यंत. पाणी झिरपून स्थिर झाल्यावर बोरूची सरळ काडी उभी करून तिच्यावर सुरीने खूण केली. पाणी वर आलं होतं, तिच्या अपेक्षेपेक्षा कितीतरी वर. पारदर्शक नळीत पाणी भरून तिने वाफ्याची चारही टोकं त्या खुणेशी ताडून पाहिली, एकदा नाही, तीनदा. तिन्ही वेळा तेच उत्तर आलं. वाळू चार बोटं कमी होती. मुळं थेट मिठात जाणार होती.

तिला भीती वाटली, हे खरं. पण त्याहून जास्त वाटला तो आनंद. आपण वेळेवर पकडलं! बाबांना कळूही न देता निस्तरता येईल, त्यांचं नाव राहील. नवं कुंपण डोक्याहून उंच होतं, आतलं कोणाला दिसत नव्हतं. शाळेच्या आधी दोन तास आणि नंतर दोन तास, पाच दिवस, तिने टेकडीवरून ढकलगाडीने वाळू आणली. हाताला फोड आले, फुटले, परत आले. दाताळ्याने तिने वाफा असा साफ केला, की त्यावर चादर अंथरावी.

"काय गं, रोज वाळू कुठे नेतेस?" फर्जानीने एकदा विचारलं. रांगेतली पोरं त्याला अम्म, म्हणजे काका, म्हणायची.

"कुंपणाच्या बुडाशी टाकतेय, अम्म फर्जानी. वारा शिरतो खालून."

"शाबास. बापावर गेलीस. नशीब, तोंडाने नाही गेलीस, तो बिचारा बोलतच नाही."

मोंजी घरी आला तो कुबडीवर, करड्या चेहऱ्याने. पाय महिनाभर जमिनीला टेकवायचा नव्हता. दलेंदा आणि नजलाने मिळून बेणं लावलं. प्रत्येक फोडीचा डोळा वर, प्रत्येक फोड वितीवर. दलेंदाला वाळूतलं कळत नव्हतं, ती डोंगराकडच्या गावची. "तुझ्या बापाने केलंय ना सपाट, मग झालं," ती म्हणाली. बोलायची इतकी हौस असलेली मुलगी गप्प राहिली, आणि त्यात तिला केवढं मोठं झाल्यासारखं वाटलं.

बटाटे उगवले. सगळे, एकही फोड वाया गेली नाही. बोटभर, मग वीतभर, गर्द हिरवे. बेया कुंपणाच्या दारातून डोकावून म्हणाली, "पाय कापला तरी हात आहे बाई मोंजीला!" नजला त्या रात्री हसतच झोपली.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात पानं माना टाकू लागली. आधी दुपारी, मग सकाळीसुद्धा. फोडीत होता नव्हता तो ओलावा पिऊन झाला होता आणि खाली गेलेल्या मुळांना काही सापडलं नव्हतं. नजलाने नळाच्या बादल्या ओतल्या. वाळूने त्या गिळल्या आणि वर कोरडीच्या कोरडी. पावसाचं नाव नव्हतं. पाच दिवसांत अर्धा वाफा पिवळा पडला.

सहाव्या दिवशी मोंजी कुबडी टेकत आला. कोणी काही सांगायच्या आत तो खाली बसला, खांद्यापर्यंत बाही सारली आणि हात वाळूत घातला. सरळ, हळूहळू, कोपर बुडेपर्यंत. गालाला वाळू लागली तसे त्याने डोळे मिटले.

नजला बघत राहिली. असं काही करताना तिने त्याला कधीच पाहिलं नव्हतं.

"कोणी टाकली?" त्याने डोळे न उघडता विचारलं.

"मी."

"किती?"

"चार बोटं. बाबा, मी मोजलं होतं. पाणी वर होतं. तुमच्या पायाला कळत नव्हतं, मी रक्त बघितलं होतं, म्हणून मला वाटलं..."

"पायाला दोन वर्षं झाली कळत नाही." त्याने हात बाहेर काढला. "पायाने चालतो ते लोकांसाठी. लोक कुंपणाबाहेर गेले की हाताने बघतो. मनगटाला गार, कोपराला ओलं, हे असं लागलं की बरोबर. कोणाला कशाला सांगू? म्हणतील, मोंजीचे पाय गेले."

"मला तरी सांगायचं!"

"तुला तरी विचारायचं होतंस." मग तो म्हणाला, "मोजलंस त्या दिवशी वारा कुठला होता?"

वारा? खड्डा होता, काडी होती, नळी होती. वाऱ्याचं कोणी काही म्हटलंच नव्हतं.

"पूर्वेचा होता. मी इस्पितळाच्या खिडकीतून बघत होतो, चार दिवस पूर्वेचा, आणि वर पौर्णिमेचं उधाण. तो वारा समुद्र खाडीत लोटतो. पाणी फुगतं. त्या दिवशी काडी घातलीस तर खोटंच सांगणार. वारा पडल्यावर तीन दिवस थांबायचं असतं, पोरी."

दलेंदा कुंपणाच्या दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. "शाळेत सगळं शिकवतात," ती म्हणाली, "तेवढं विचारायचं शिकवत नाहीत वाटतं." आणि घरात जाऊन तिने इतक्या जोरात भांडी घासायला घेतली, की तिच्या रडण्याचा आवाज येऊ नये.

संध्याकाळी फर्जानी वाफ्यावर आला. तो बसला नाही. दारातूनच पिवळ्या वाफ्याकडे बघत म्हणाला, "मोंजी, हे काय रे?"

नजलाने तोंड उघडलं. मोंजी तिच्याआधी बोलला. "माझा पाय चुकला."

"तुझा?"

"साखर. तळवे बधिर झालेत. वाळू उंच राहिली."

फर्जानी बराच वेळ टोपीची कड चिमटीत धरून उभा राहिला. टोमणा मारायची ही त्याच्या आयुष्यातली सर्वांत मोठी संधी होती आणि त्याने ती घेतली नाही. तेच वाईट होतं. "अल्ला बरं करो," एवढंच म्हणून तो गेला.

"का खोटं बोललात?" नजला जवळजवळ ओरडली.

"माझं नाव आता गेलंच होतं, पायाबरोबर. तुझं अजून व्हायचंय. हे काम मी तुला देणार होतो. तुझ्या हाताने पहिलाच वाफा मेला असं कळलं, तर या रांगेत तुला कोणी वाळूला बोट लावू देणार नाही."

हे काम कधी बाईने केलं नव्हतं. बापाने असं काही मनात धरलंय, हे नजलाला आज कळत होतं, आणि आजच ते संपलंही होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना तिला फावड्यांचा आवाज आला. फर्जानी आणि त्याचा मेव्हणा, दोघे मिळून, फर्जानीच्या वाफ्यातली वाळू घमेल्यांनी बाहेर काढत होते.

सायकल तिथेच पडली. "अम्म फर्जानी, काय करताय?"

"काय करणार? तुझ्या बापाचा पाय त्याच्या वाफ्यात चार बोटं चुकला, मग माझ्यात काय बरोबर पडला असेल? त्याच आठवड्यात, त्याच पायाने केलेलं. चार बोटं काढतो."

"नाही! तुमचं बरोबर आहे! बाबांचंही बरोबर होतं. मी टाकली वाळू. मी. तुम्ही बघितलंत ना मला ढकलगाडी नेताना!"

"कुंपणाच्या बुडाला नेत होतीस. तूच सांगितलंस."

"खोटं सांगितलं!"

फर्जानीने फावडं टेकवलं आणि तिच्याकडे बघितलं. त्याच्या नजरेत इतकी माया होती, की नजलाला त्याच्या अंगावर धावून जावंसं वाटलं. "तू गुणाची पोर आहेस," तो म्हणाला. "बापाची अब्रू झाकायला आलीस. माझ्या पोरी आल्या नसत्या. पण अब्रूवर बटाटे उगवत नाहीत बाळा. सरक."

"मी नळीने मोजलं होतं, वारा पूर्वेचा होता, पाणी फुगलं होतं, म्हणून मी... अहो, तुम्ही वाळू काढलीत तर सगळं मिठात जाईल!"

"हे सगळं त्याने पढवलं का तुला?" मेव्हण्याने विचारलं.

ती वाफ्यातच बसली, वाळूवर, दप्तरासकट. मेव्हणा हसला. फर्जानी हसला नाही. त्याने तिच्या भोवतीने काढायला सुरुवात केली.

ती उठून घरी धावली. मोंजीला तिने जवळजवळ ओढतच आणलं. एका पायावर, कुबडी वाळूत रुतते आहे, बगलेत घाम. रांगेतल्या आणखी चार वाफ्यांतली माणसं कुंपणाबाहेर येऊन उभी राहिली. खालती बेयाही आली.

"फर्जानी, थांब," मोंजी म्हणाला. "पोर खरं बोलते. तुझं बरोबर केलंय मी."

"काल म्हणालास पाय चुकला."

"काल खोटं बोललो."

"तळवे बधिर नाहीत?"

मोंजीने बांधलेल्या पायाकडे पाहिलं. मग म्हणाला, "बधिर आहेत. पण मी हाताने बघतो. कोपराने."

रांगेत कोणीतरी घसा खाकरला. मोंजीने कोपराने वाफा बघितल्याचं कोणीच कधी पाहिलं नव्हतं. चाळीस वर्षं पाहिलं होतं ते टाच रोवत चालताना.

"ये, तुला दाखवतो," मोंजी म्हणाला आणि बाही सारून वाकायला गेला. कुबडी सरकली. तो कुशीवर पडला, बांधलेला पाय वाळूवर आपटला आणि त्याच्या तोंडून कण्हण्याचा आवाज निघाला. नजला आणि फर्जानी दोघेही धावले. फर्जानीने त्याला लहान मुलासारखं काखेत धरून उभं केलं, त्याच्या कपड्यांवरची वाळू झटकली.

"काल तो म्हणतो त्याचा पाय चुकला," फर्जानी सगळ्यांना ऐकू जाईल असं, पण हळू आवाजात म्हणाला, "आज ही म्हणते हिचा हात चुकला. तुम्ही बापलेक एकमेकांना किती वाचवाल? घरी जा, मोंजी. आमचं आम्ही बघतो."

त्या संध्याकाळपर्यंत पाच वाफ्यांतून चार-चार बोटं वाळू निघाली. बेयाने फर्जानीला आपलाही वाफा करून द्यायला सांगितलं. तो म्हणाला, उद्या येतो. उद्या त्याच्या मेव्हण्याची पाठ धरली, परवा बेणं लावायची घाई. बेयाच्या वाफ्याला कोणी हात लावला नाही. तिने कुरकुरत, तसंच, मोंजीने केलं होतं त्यावरच लावलं.

पडल्यामुळे मोंजीच्या पायाची जखम परत उघडली. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो पुन्हा इस्पितळात होता, आणि या वेळी प्रश्न बोटांचा नव्हता, घोट्याचा होता. नजला शाळेत जायची, वर्गात हात वर करायची नाही, संध्याकाळी मेलेल्या वाफ्यातली जास्तीची वाळू काढायची. लावायला बेणं उरलं नव्हतं. तिने घेवड्यासारखा थोडा बाकला पेरला.

महिना संपता संपता फर्जानीच्या बटाट्याच्या पानांची टोकं तपकिरी झाली. आधी टोकं, मग कडा, जणू कोणी काडेपेटीची काडी धरून कडेकडेने फिरवली असावी. पाचही वाफ्यांत तेच. पाऊस आला तो पंधरा दिवस उशिरा, आणि तोवर पानात जीव उरला नव्हता. आता तरी कोणीतरी आपल्या दारात येऊन ओरडावं, शिव्या द्याव्यात, असं नजलाला वाटायचं. फर्जानी रस्त्यात भेटला. "बाबा कसे आहेत?" त्याने विचारलं. ती म्हणाली, "पाय काढला." त्याने मान हलवली आणि तो सायकलीला वाट देऊन बाजूला उभा राहिला.

नंतर तिने ऐकलं, की रांगेने ठरवलंय, पुढच्या वर्षी रफ्राफ गावाकडून कोणी माणूस बोलवायचा. त्याच्याकडे यंत्र आहे म्हणे.

जानेवारीच्या शेवटी बेयाने निरोप धाडला, की खांदे उचलत नाहीत, बटाटे काढायला ये. नजला गेली. सबंध खाडीकाठी तेवढा एकच बटाट्याचा वाफा हिरवा उभा राहिला होता. वाळूत फावडं घातलं तसे मुठीएवढे बटाटे वर आले, गार, स्वच्छ.

"माझं बघ नशीब!" बेया पाटीवर बसून म्हणाली. "फर्जानी आला नाही म्हणून मी त्याला किती शिव्या घातल्या होत्या. आळशी माणसाच्या हातूनही कधी कधी देवाची कृपा होते."

"नशीब नाही, खालती. बाबांनी हा वाफा बरोबर केला होता. त्यांचे सगळेच बरोबर होते."

बेयाने तिच्याकडे पाहिलं. तेच, तसंच, मायेने.

"असेल हो बाई," ती म्हणाली. "घे, थोडे बापासाठी घेऊन जा."

नजलाने ओढणीच्या टोकात आठ बटाटे बांधले आणि उरलेली सरी खणायला घेतली.